शांततेखालच्या टाळ्या

लालबाग, मुंबई
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आजोबांस,
पूर्वीचा शि. सा. न. वि. वि.

एक मिनिट शांतता पाळायची असेल, तर तिच्याखाली टाळ्या कशाला लागतात? आजोबा, आपल्या घरात पदवीपर्यंत मी एकटीच पोचले, तरी याचं उत्तर मला येत नाही. फोनवर विचारलं असतं. पण गिरणीच्या मागखात्यात तुमचे कान गेले आणि कानाचं मशीन तुम्ही चहापावडरीच्या डब्यामागे लपवून ठेवलंय, असं रंजिताकाकी सांगते. तेव्हा पत्रच बरं.

आमचे सीतारामदादा गेल्या महिन्यात गेले, हे कळवलं होतंच. सकाळी चहा टाकायला सांगितला आणि चहा उकळेपर्यंत माणूस नाही. कबड्डीचे सामने टीव्हीवर दाखवताना आम्ही आवाजवाले सभागृहामागे उभ्या केलेल्या गाडीत बसतो. तिथे मी तीन वर्षं त्यांच्या शेजारी बसले. सामन्याआधी रिकाम्या सभागृहात जाऊन ते एकच टाळी वाजवायचे, ती कशी परत येते ते ऐकायचे आणि मग मॅटच्या कडेने माइक लावायचे. चढाई करणाऱ्याचा दम घरी बसलेल्याला ऐकू आलाच पाहिजे, नाहीतर ती कबड्डी नव्हे, नुसती पकडापकडी, असं त्यांचं म्हणणं. मिशी काळी करायचे आणि रंगलेली बोटं खिशात लपवायचे. आलेपाकाच्या वड्या कुणालाही देत नसत. मला ग्रॅज्युएट म्हणायचे. वायरींचा गुंता झाला की म्हणायचे, बोलवा रे ग्रॅज्युएटला, डिग्री दाखवली की आपोआप सुटेल.

पण ते कामावर असताना गेले नाहीत, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. प्रेक्षक कमी असले की आधी रेकॉर्ड करून साठवलेला जल्लोष सामन्याच्या आवाजाखाली सोडायचा, ही हल्लीची रीत. दादा कुरकुरत सोडायचे. नोव्हेंबरात एका सामन्यात एका पोराचा गुडघा फिरला. तो मॅटवर ओरडत पडलेला आणि त्याच्यावर आमचा जल्लोष चालूच. दादांनी तो बंद केला. आमचा निर्माता अवधूत कानातल्या यंत्रावरून ओरडत होता की चालू करा, चालू करा. पोराला उचलून नेईपर्यंत दादांनी केला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलावणं आलं नाही. वीस वर्षांनंतरही ते रोजावरच होते, त्यामुळे काढायला साधा कागदही लागला नाही.

आता बावीस तारखेला मुंबईतल्या सामन्याआधी कंपनी त्यांना श्रद्धांजली वाहणार आहे. सीताराम आमच्या कुटुंबातलेच होते, प्रकृतीमुळे त्यांनी विश्रांती घेतली होती, असं निवेदिका म्हणणार. मग एक मिनिट शांतता. अवधूत म्हणतो, नुसती शांतता गेली तर लोकांना टीव्ही बिघडला असं वाटतं आणि ते चॅनेल बदलतात, तेव्हा खाली हळूहळू वाढत जाणाऱ्या टाळ्या सोड. दादांच्या खुर्चीवर मी आहे. टाळ्या मी सोडायच्या. मार्चपासून मला कायम करणार आहेत, हेही त्याने त्याच दमात हसत हसत सांगितलं. मी काय करू?

बाबांची ड्युटी सध्या बारा तासांची आहे. आई बरी आहे. रागावला नसाल तर लोभ असू द्या.

तुमची,
पूर्वी


कणकवली
९ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्वीस,
कुशाबाचे अ. आ.

पत्र पोचले. सीताराम गेला हे वाईटच. पण तू विचारलेस म्हणून सांगतो, टाळ्या लाव.

आम्ही संपावर गेलो तेव्हा नाक्यानाक्यावर आमच्यासाठी टाळ्या वाजल्या. खऱ्या, हाताच्या. त्यातल्या एकाही टाळीने घरात तांदूळ आला नाही. ज्यांनी वाजवल्या ते पुढे बाजारात समोर आले की भाजी निवडायला वाकायचे. गिरणी गेली, तिथे टॉवर उभा राहिला आणि त्याच टॉवरच्या दाराशी तुझा बाप आल्यागेल्या गाडीला सलाम करतो. हे मी कडू तोंडाने लिहितो असे तुला वाटेल. तोंड कडूच आहे, पण हिशेब बरोबर आहे. मेलेल्याला खरी टाळी काय नि खोटी काय? जिवंत माणसाला पगार लागतो गो बाय.

तुला लहानपणापासून वकिली फार. शाळेत बाईंनी दुसऱ्या पोरीला उगाच मारले म्हणून तू डबा खाल्ला नव्हतास. जिला मारले तिने डबा खाल्ला, उपाशी तू राहिलीस. तसे आता करू नकोस.

आणि मी तर मुका टीव्ही बघतो. तू टाळ्या सोड नाहीतर तुतारी फुंक, मला काय कळणार? राग आला तर हे पत्र फाड, पण टाळ्या लाव.

काजूला मोहर बरा आहे. रंजिता मशीन घाला म्हणून रोज मागे लागते, मला ऐकू येत नाही असे सांगतो. तुझ्या बापाला म्हणावे, सलाम करताना कंबर वाकवू नको, हात पुरे. आशीर्वाद आहेतच, ते न मागताही मिळतात.

कुशाबा


लालबाग
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. पण दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही, आणि आईने ते उगाचच स्वतःवर ओढून घेतलं.

काल नायगावला गेले होते, दादांच्या घरी. त्यांची बीडीडी चाळ पाडायची आहे, अर्ध्या खोल्या रिकाम्या होऊन दारांना कुलपं लागलीत. कालिंदीवहिनी अजून तिथेच आहेत. बावीस तारखेसाठी त्यांनी टीव्ही बाहेर गॅलरीत आणायचं ठरवलंय. राहिलेल्या बिऱ्हाडांना सांगितलंय, बाहेर राहायला गेलेल्यांनाही फोन करून बोलावलंय. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन एक साधी सुती साडी आणलीय. आपण टीव्हीत दिसणार नाही हे माहीत आहे गं, पण समोर बसायचं तर बरं दिसायला नको का, असं म्हणाल्या. शेजारच्या अंबिकामावशींनी चिडवलं की सीतारामशी लग्न करतानाही एवढी नटली नव्हतीस, तेव्हा त्या हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

नोव्हेंबरात कानांना विश्रांती हवी म्हणून ते घरी बसले, असं वहिनींनी सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. निघताना जिन्यापर्यंत आल्या आणि विचारलं, लोक उभे राहतील ना गं? मी म्हटलं, राहतील.

आजोबा, मी टाळ्या सोडणार नाही. मॅटचे आणि प्रेक्षकांतले माइक उघडे ठेवणार. कबड्डी बघायला येतात ती परळ-लालबाग-नायगावचीच माणसं. मंडळात वाढलेली, गुडघे फोडून घेतलेली. आपल्यातला एक गेला हे त्यांना समजेल. ती उभी राहतील आणि गप्प राहतील. दादा आयुष्यभर खरा आवाज घरोघरी पोचवायला धडपडले, त्यांच्या वाट्याला खरी शांतता यायला हवी. अवधूतला काय करायचं ते करो.

तुमचा माणसांवरचा विश्वास गेला, त्याला कारणं आहेत. पण वारसा म्हणून तो गेलेला विश्वास मी घेणार नाही. हे उद्धटपणे लिहिलंय, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
पूर्वी


कणकवली
२६ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्वीस,
अ. आ.

शनिवारी सामना बघितला. सीतारामचा फोटो आला. मिशी खरेच काळीभोर होती. खेळाडू रांगेत उभे राहिले. थोड्या वेळाने रंजिता डोळे पुसू लागली. मी काय झाले म्हणून विचारले, तर तिने दोन्ही हात वर करून वाजवून दाखवले. केवढ्या टाळ्या, संपतच नव्हत्या, असे तिने पाटीवर लिहून दिले.

मी तेव्हा चित्र बघत होतो. मला दुसरे काही करता येत नाही. कॅमेरा लोकांवरून फिरला. एक बाई पोराला वेफर भरवत होती. तिघे मोबाइलमध्ये मान घालून होते. एक उभा होता, पण पाठ करून, कुणाला तरी वर या म्हणून हाताने बोलावत होता. तेवढा एकच हात हलत होता. बाकी सगळे हात मांडीवर. मी रंजिताला पुन्हा विचारले, आताही वाजतात काय? तिने हो म्हणून मान हलवली.

मग टाळ्या कुणी वाजवल्या ते मला समजले.

मी लाव म्हणून सांगितले होते. लावल्यास. पगार टिकला, बरे केलेस, असे लिहायला बसलो आणि पुढे पेन चालेना. मी सांगितले खरे, पूर्वी, पण तू ऐकशील असे वाटले नव्हते.

इकडे सर्व ठीक. ऊन फार आहे. पत्र लिहीत जा.

कुशाबा


लालबाग
८ मार्च २०२५

ती. स्व. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या ‘तू ऐकशील असे वाटले नव्हते’ या वाक्याचा मला फार राग आला. तुम्ही सांगितलेलंच केलं होतं आणि वर तुम्हीच निराश झालात. मग वाटलं, एवढ्या मोठ्या कंपनीत टाळ्या सोडताना चित्रातले हात कुणाला आठवले नाहीत, मलाही नाही. आणि ऐकू येणाऱ्या एकाही माणसाला ते दिसले नाहीत. आता काय झालं ते सगळं सांगते.

मी ठरवल्याप्रमाणे माइक उघडे ठेवले. निवेदिकेने कुटुंबातले होते, विश्रांती घेतली होती, हे सगळं गोड म्हटलं. मग शांतता. सुरुवातीला फक्त खेळाडूंचे श्वास आले, आणि मला वाटलं, जमलं. मग एकाने विचारलं, कोण मेला रे? दुसरा म्हणाला, कुणीतरी वायरवाला असेल यांचा. कुणीतरी हसलं. वेफरची पाकिटं. एका बाईने विचारलं, हे किती वेळ चालणार, मुलाला बाथरूमला न्यायचंय. सगळी आपलीच माणसं, आजोबा, आपल्याच बोलीत बोलणारी. दादांनी लावायला शिकवले तसेच मी माइक लावले होते, त्यामुळे शब्दन्‌शब्द स्वच्छ जात होता. थेट नायगावच्या गॅलरीत, सुती साडी नेसून बसलेल्या वहिनींपर्यंत.

हात आपोआप गेला असं लिहिणार होते. तसं झालं नाही. मी ठरवून माइक बंद केले आणि टाळ्या वर घेतल्या. अवधूत कानात म्हणाला, शाबास, हळूहळू वाढव. मी हळूहळू वाढवल्या. चांगल्या वाढवल्या. दादांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. आधी गॅलरीतल्या गलक्यात काही ऐकू आलं नाही, पण टाळ्या सुरू झाल्या आणि सगळी चाळ रडली, म्हणाल्या. त्यांचं एवढं नाव होतं हे मला कधी सांगितलं नाही बघ, असंही म्हणाल्या. त्याच आठवड्यात कायम करण्याचा कागद आला आणि आईने देवापुढे पेढा ठेवला. तो कागद मी सही न करता कपाटात ठेवला होता. मग तुमचं पत्र आलं.

बुधवारी नायगावला गेले. वहिनींना सांगितलं की टाळ्या माझ्या होत्या, सभागृहात कुणी हात उचलला नव्हता. आणि दादांनी विश्रांती घेतली नव्हती, असलाच खोटा आवाज बंद केला म्हणून त्यांना घरी बसवलं. मला वाटलं होतं, नवरा का घरी बसला हे कळल्यावर त्यांना अभिमान वाटेल. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबवला नाही. काढून टाकलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं गं, म्हणाल्या, वीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याचे कान दुखतात की मन, एवढं मला समजतं. टाळ्या तेवढ्या मला खऱ्या वाटल्या होत्या.

मग विचारलं, कुणीच उभं नव्हतं? मी म्हटलं, खेळाडू होते. त्या म्हणाल्या, त्यांना उभं राहायचे पैसे मिळतात. अंबिकामावशी दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, शिकलेल्या पोरींना खरं बोलायची भारी हौस, पण आमच्या दारात येऊन कशाला बोलायचं? वहिनींनी त्यांना गप्प केलं नाही. मला चहा विचारला नाही. जिन्यापर्यंतही आल्या नाहीत.

त्यांच्याकडचं ते एक मिनिट मी दोनदा खराब केलं. पहिल्यांदा खोटं देऊन, दुसऱ्यांदा ते परत घेऊन. तुम्ही म्हणाल, डबा न खाल्लेलीच बरी होतीस, तेव्हा निदान उपाशी एकटी तूच होतीस. पण दादांच्या नावाने आणखी एक खोटं मला त्यांच्या खुर्चीत बसून सांभाळता आलं नसतं. पुढच्या प्रत्येक सामन्यात तोच जल्लोष सोडायचा होता.

काल तो कागद सही न करता अवधूतच्या टेबलावर ठेवला आणि कारणही सांगितलं. तो म्हणाला, अगं, एका मिनिटासाठी? मी म्हटलं, हो. खुर्चीवर उद्यापासून हितेंद्र बसेल. चांगला मुलगा आहे, टाळ्या छान सोडेल. बाबांनाही रात्रीच्या जेवणाआधी सांगून टाकलं. त्यांनी गणवेश पुन्हा अंगात घातला आणि रविवारची जादा ड्युटी मागायला खाली टॉवरवर गेले.

काकीला नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही ते या वेळी तुम्हीच ठरवा.

तुमची,
पूर्वी