लाल टेपची नळी

प्रिय जयदीप,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं. शाळेत पत्रलेखनात ते नसलं तर गुण कापायचे. त्यापलीकडे अर्थ काढू नकोस.

परवा तू घरी येऊन गेलास. मी आतल्या खोलीत जागाच होतो, तुझा आवाज ओळखून डोळे मिटून घेतले. प्रभावतीच्या हातात तू डाळिंबं दिलीस आणि दोन पानी टाईप केलेला जबाब दिलास. भाताच्या पेजेशिवाय माझ्या घशाखाली काही उतरत नाही हे तुला माहीत होतं, तरी डाळिंबं! जबाबात लिहिलंय की, सूचना असतानाही मी स्वतःहून नळीला तोंड लावून कॅनमधलं ॲसिड ओढलं. सोमवारी चौकशी आहे, त्याआधी सही पाहिजे, असं तू तिला तीनदा बजावलंस. जाताना म्हणालास, "वहिनी, लहानपणापासूनची दोस्ती हाय आमची, भीमा न्हाई म्हणणार न्हाई." मग त्या लहानपणापासूनच सुरुवात करतो.

सायफन आपण दोघं एकाच बाकावर शिकलो. कासारवाडीच्या शाळेत सरांनी स्टुलावर एक पेला ठेवला, खाली एक ठेवला, मध्ये रबरी नळी, आणि फळ्यावर लिहिलं 'वक्रनलिका'. तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, सगळ्यांनी सायफनच म्हटलं. तू ओढलंस आणि खोकून वर्गभर पाणी उडवलंस. मी ओढलं तेव्हा एक थेंब तोंडात आला नाही. त्या दिवसापासून गल्लीत दिवसाआड पाणी आलं की मोठ्या ड्रममधून घराघरातल्या हंड्यांत ते उतरवायचं काम माझ्याकडे आलं. माझी आई सरूबाई अभिमानानं सांगायची, आमच्या भीमाला पाणी कधी पोचतंय ते नळीतल्या वाऱ्यावरून कळतं.

आठवीत तू तुझ्या वडिलांच्या, दादासाहेबांच्या मोटारसायकलमधून पेट्रोल काढायचं ठरवलंस. टाकी तुमची, बाटली तुझी, नळी तुझी. तोंड फक्त माझं. दादासाहेब अचानक आले, तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "यानंच काढलं, स्वतःहून." माझी आई पिंपळे गुरवला तुमच्या ओट्याखाली उभी राहून तासभर माफी मागत होती. तिला वर बस कुणी म्हटलं नाही. तू आत खिडकीत उभा होतास. मी तेव्हा मूग गिळून बसलो, कारण दुसऱ्या दिवशी तू मला तुझ्या डब्यातली पोळी दिलीस. इतका स्वस्त होतो मी.

चाकणच्या प्लेटिंग कंपनीत तू सुपरवायझर आणि मी टाकीवर, यात मला कधी कमीपणा वाटला नाही. दिवाळीत ॲसिड काढायचा पंप बिघडला. तू म्हणालास, आठ दिवसांत येतो. मार्च उजाडला तरी आला नाही. नळी आधी पाण्यानं भरून, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबून सायफन सुरू करता येतो, हे मलाही माहीत होतं. पण त्याला वेळ लागतो, आणि तू सगळ्यांदेखत म्हणायचास, "भावा, तुझ्यासारखं तोंड अख्ख्या चाकणमध्ये न्हाई." हरभऱ्याच्या झाडावर चढलो मी. ही माझी चूक आहे आणि ती मी कबूल करतो. पण मी आंधळेपणानं ओढत नव्हतो. माझी नळी पारदर्शक होती. तिच्यावर मी लाल टेप गुंडाळली होती. ॲसिड वाकणावरून खाली उतरून टेपेशी आलेलं दिसलं की तोंड काढून टोक टाकीत सोडायचं. माझं तोंड टेपेपासून हातभर लांब असायचं. पाच महिन्यांत एकदाही चूक झाली नाही.

त्या मंगळवारी खुंटीवर काळी नळी होती. माझी कुठंय विचारलं, तर तू घड्याळाकडे बघत म्हणालास, फाटली, फेकून दिली, ही पण तसलीच आहे, ओढ लवकर, लाईन थांबलीय. काळ्या नळीतलं काही दिसत नाही रे. वाऱ्यावरून कळतं ते पाण्याचं, आणि तेही ओळखीच्या नळीतलं. पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस. मला पाणी द्यायलाही दुसरे धावले. तू आधी ती काळी नळी उचललीस.

पूनम वहिनी दवाखान्यात आल्या होत्या. भल्या बाई, काय बोलावं सुचेना म्हणून माझ्या लेकीला, दीक्षाला मोबाईलमध्ये तुमच्या घरातली नवी माशांची टाकी दाखवू लागल्या. त्या फोटोत तू बाही वर करून टाकीतलं जुनं पाणी बादलीत काढतोयस. हातात माझी नळी. लाल टेप अशी स्वच्छ दिसते की दीक्षानं तिथल्या तिथं तो फोटो मागून घेतला. वहिनींना यात ओढू नकोस, त्यांना काही ठाऊक नव्हतं. तारीख त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारची आहे. म्हणजे तुझ्या माशांना ताजं पाणी मिळावं म्हणून माझी नळी गेली, आणि सोमवारी ती परत आणायचं तू विसरलास. विसरणं मी माफ केलं असतं. 'फेकून दिली' हे मी माफ करणार नाही.

तू फोन करतोस आणि मी उचलत नाही, म्हणून मी रुसलोय असं तू कंपनीत सांगतोस. जयदीप, मी रुसलेलो नाही. आवाज गेलाय माझा. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही. विहारात दर पौर्णिमेला वंदना मी सांगायचो आणि बाकीचे माझ्यामागून म्हणायचे. या पौर्णिमेला मी शेवटच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवले. तुला वाटलं असेल, मुका माणूस सोमवारी काय बोलणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी आठवीत खाल्लाय, पुन्हा खाणार नाही. घरात कोरा कागद होता, तरी मुद्दाम तुझाच वापरला. हे पत्र तू दिलेल्या जबाबाच्या पाठकोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात लिहिलंय. दीक्षा दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून, फोटो जोडून, सोमवारी माझ्याबरोबर चौकशीला येणार आहे. हे मूळ कागद तुझे तुला परत. उलटून बघ, तुझ्या बाजूला सहीची जागा अजून कोरी आहे. सही मी या बाजूला करतोय, स्वतःहून.

तुझाच असं आता लिहवत नाही,
भीमराज