वजाच्या जागी अधिक

९ जानेवारी २०२५

अधिक! वजा करायचं तिथं मी अधिक केलंय!

जुने आलेख नीट करायला चार वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम उघडला. सत्तेचाळिसावी ओळ. तीनदा वाचली.

इथं नीट लिहून बघते, म्हणजे कळेल मी खरंच एवढी मूर्ख आहे का. बंगालच्या उपसागरात सव्वीस दिवस जहाजावर होते. समुद्राचं वरच्या थरातलं पाणी पाइपातून आमच्या यंत्रापर्यंत यायचं. येता येता अर्धा-पाऊण अंश तापायचं. पाणी तापलं की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढतो — आकडा फुगतो. तो फुगवटा काढून टाकायचा असतो. मी तेवढाच अजून घातला! सगळ्या सव्वीस दिवसांच्या आकड्यांत.

म्हणून समुद्रातला दाब हवेतल्यापेक्षा जास्त दिसला. अन् मी लिहिलं — हिवाळ्यात उपसागर हा वायू हवेत सोडतो. छापूनही आलं. खरं उलटं आहे. तो हवेतून ओढून घेतो.

१० जानेवारी

परत मोजलं. तेच.

१२ जानेवारी

पिशोरहून आईचा फोन. "तुझा बाप मेंढरं सोडून समिंदराच्याच गोष्टी सांगतोय. माझ्या पोरीनं समिंदराचा दम मोजला म्हणं!" मी हसले. "आवाज का बसलाय गं?" सर्दी, म्हणलं.

दोघांनी समुद्र कधी बघितलेला नाय. मी सांगितलं तेवढाच त्यांचा समुद्र. तोही खोटा.

१३ जानेवारी

मंजुषा मॅडमना सांगितलं. त्या माझ्या गाईड; लेखावर त्यांचंही नाव आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग — "आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"अजिनाथचा व्हायव्हा होऊ दे. मग बघू."

अजिनाथ माझ्यानंतर दोन वर्षांनी लॅबला आला. त्याचा अख्खा प्रबंध माझ्या आकड्यांवर उभा. व्हायव्हा चोवीसला. पदवी मिळाली की कॉलेजात नोकरी ठरलेली.

"मॅडम, पण —"

"दिपाली, तू एकटी बुडत नाहीस."

१६ जानेवारी

गारखेड्याच्या खोलीत दिवसभर पडून. भाजी नासली. उठून टाकलीही नाय.

१९ जानेवारी

अजिनाथ ओढून क्रांती चौकात घेऊन गेला — व्हायव्हासाठी शर्ट घ्यायचा होता. "ताई, पांढरा का निळा?" निळा, म्हणलं. नंतर चहाच्या टपरीवर म्हणाला, "तुम्ही आकडे दिले नसते, तर मी अजून बाटल्याच धूत बसलो असतो."

सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. प्यायले. घरी आले.

भित्री! नालायक!

२१ जानेवारी

समुद्राला काय फरक पडतो? मी काहीही लिहो, तो त्याचं काम करतोय. फरक माणसांना पडतो. माझा लेख वाचून कुणीतरी कुठंतरी हिशेब मांडत असेल. अन् ते आकडे माझे आहेत!

२३ जानेवारी

सांगितलं. लॅबच्या जिन्यात. दुरुस्त केलेले आकडे अजिनाथच्या हातात दिले. त्यानं दोनदा वाचले.

"कधी कळलं?"

"नऊ तारखेला."

"म्हणजे शर्ट घेताना माहीत होतं?"

"व्हय."

कागदाची घडी करून खिशात घातली अन् खाली उतरून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

अजिनाथनं सुरुवातीलाच परीक्षकांना सांगितलं, "प्रबंधाचा निष्कर्ष उलटा आहे. दुरुस्तीचं चिन्ह मी चुकवलं." 'मी' म्हणाला. प्रबंध परत केला त्यांनी. मॅडम टेबलाकडं बघत होत्या. मी मागच्या रांगेत बसले होते.

उठले नाय.