गयाचं चालणं

पाथरी, माघ शुद्ध ६, १३४८ फसली

तिसरीला क्रियाविशेषण सुरू केलं. फळ्यावर 'गाय चालते.' विचारलं, कशी चालते? मग एक म्हणाली, "पायानं." मागून दुसरी, "चार पायानं, बाई." सगळ्या हसल्या. मी नाही.

ट्रेनिंगमधला क्रम: आधी कृती, मग शब्द, व्याख्या शेवटी. मी उलट्या टोकाने सुरुवात केली. चूक माझी.

शुद्ध ७

तरटं गुंडाळून मधली जागा मोकळी केली. एकीने चालायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. हळू. झपझप. दबकत. या वर्गाला आवाज आहे हे आज कळलं.

गया उठली आणि एक पाय ओढत गेली. "लंगडत!" सगळ्या एकदम.

"आमचा ढवळ्या असाच चालतोय, बाई. बापूनं बाजाराला नेला तर गिऱ्हाईक चालवून बघतंय अन् सोडून देतंय. मग ढवळ्या आपला घरी."

फळ्यावर लिहिलं: ढवळ्या लंगडत घरी आला. कोणता शब्द? गयाने बरोबर शब्दाखाली रेघ ओढली.

शुद्ध १०

हुसेनबी मुलींना आणायला घरोघर जाते, तिला सगळं आधी कळतं. गयाला बघायला पोखर्णीचे पाहुणे येणार. गयाला नववं लागलंय.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. निदान परीक्षेपर्यंत ठेवा, म्हटलं. तिचे वडील, बापू, रागावले नाहीत. "तुमचं बी खरं हाय बाई. पर ठरलं तर ठरलं. न्हाई ठरलं तर येईल की साळंला."

गया दाराआड उभी होती. तिने ऐकलं.

शुद्ध १४

पाहुणे येऊन गेले. हुसेनबीने सांगितलं ते तसंच:

"म्हातारा म्हनला, चालून दाखव पोरी. तर ही विचारते, 'कसं चालू?' समदे हसले. मग चालली ना उस्तानीबाई, लंगडत! तुळशीपासून ओसरीपर्यंत. माय खुणा करायली, बाप डोळे वटारायला, पोरगी सरळ होईच ना. पाहुन्यांनी चहा बी घेतला न्हाई."

सोयरीक मोडली. ऐकून क्षणभर मला बरं—

वद्य १

बापू शाळेच्या दारात आले. आत आले नाहीत.

"साळंत लंगडायला शिकवायलाव का वो बाई?"

मी म्हटलं, तिचे पाय धड आहेत, मी रोज पाहते.

"तुमच्या बघन्यानं काय व्हतंय? पंचक्रोशीत माझी पोरगी लंगडी झाली. बैल माघारी आला तर दाव्याला बांधता येतो. हिला कुठं बांधू?"

बापूंनी गयाची पाटी मागून घेतली आणि ते निघाले. पाटीवर कालचं शुद्धलेखन होतं. जाताना त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं.

वद्य ४

गयाच्या दोघी चुलतबहिणीही आल्या नाहीत. हुसेनबी त्यांच्या दारात उभी राहून परत आली. "म्हनत्यात, तुमच्या साळंत पोरी तमाशा करत्यात."

शाळेच्या मुख्य उस्तानींनी बोलावलं. यापुढे धडा बसून घ्यायचा. पट असाच उतरला तर तिसरी बंद होईल, हेही सांगितलं. त्या चूक नाहीत. पद्धतही चूक नव्हती. चूक कुठे आहे ते मला दाखवता येत नाही.

वद्य ७

तरटं पुन्हा अंथरली. बसून धडा.

गाय कशी चालते? हळू.
वारा कसा वाहतो? हळू.
घोडा कसा पळतो? थोडं थांबून, हळू.

कुणी हसलं नाही. घरून पढवून पाठवलंय की स्वतःच ठरवलंय, कळत नाही. पाठ टाचणात 'पूर्ण' लिहिलं.

वद्य ९

हुसेनबी म्हणते, गयासाठी आता पेडगावचं स्थळ. बिजवर. "त्याला चालवून बघायचं न्हाई म्हने. तो तसाच करून घ्यायलाय." गुरुवारी येतात. सुपारी तेव्हाच.

वद्य १०

शाळेतून परतताना गया दिसली. डोक्यावर तुराट्यांचा भारा, माझ्या पुढे बरीच लांब. मी मागे आहे हे तिला माहीत नव्हतं. रस्त्यावर दुसरं कुणीही नव्हतं.

लंगडत चालली होती.

गुरुवारची तयारी करत असेल. तसं असेल तर तिला कुणीतरी सांगायला हवं, पेडगावचे चालवून बघणार नाहीत. आणि तयारी नसेल तर बापूंनी तिचा पाय—

हाक मारायला तोंड उघडलं. ती वळणावरून आत गेली. डावा पाय ओढत होती. वर्गात ओढला होता तो उजवा.