गोजरबाईला उमगल्याशिवाय चावी नाही

मी, द्रौपदी शंकरराव उबाळे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार कॅम्प पाच, उल्हासनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कुणी दबाव आणलेला नाही. आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहती खोली माझ्या कमाईची. कारखान्यातल्या शिवलेल्या जीन्सचे लोंबते धागे कापून घेतली. कालकथित शंकररावांनी फक्त कुलूप आणले.

२. नात मनाली अंबरनाथ पूर्वेला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षी रडत आली. "आजी, 'समजलं का' विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि पेपर कोरे!"

मी म्हटले, "तुझा आजा पण सगळ्याला हो म्हणायचा. बस इथं, आम्हाला शिकव."

मी, शेजारची गोजरबाई आणि विठा, आम्ही धागे कापत होतो. डोक्यात शिरले की कात्री चालते, अडले की हात थांबतो. तोंड खोटे बोलते, हात नाही. महागाई तिने तीनदा सांगितली, तेव्हा कुठे सगळ्या कात्र्या चालल्या. गोजरबाईचा डावा कान गेलेला, विठाला मनालीने टांगलेल्या फळ्यावरचे दिसत नाही. म्हणून मनाली लिहिते ते मोठ्याने बोलायला शिकली, एका जागी खिळून राहायचे तिने सोडले. पुढच्या वर्षी तिची पोरे वर्गात हात वर करू लागली.

३. तेव्हापासून दर रविवारी तिच्यासारखे प्राध्यापक येतात, चपला बाहेर काढतात, आमच्यावर धडा करून बघतात. पुष्कर सर पहिल्या दिवशी म्हणाले, "आमची मुलंच कच्ची आहेत हो."

गोजरबाई म्हणाली, "मग सर, पिकलेल्यांना शिकवायचा पगार घेता काय?"

सर फणकारून गेले. पुढच्या रविवारी भजी घेऊन आले. हल्ली छान शिकवतात.

४. मुलगा महेंद्र, राहणार सोनिवली, याला खोली गोदामाला द्यायची आहे. म्हणतो, "आई, त्यांना शिकायला त्यांचं कॉलेज नाय काय?" बाळा, तिथे अडले तरी त्यांच्यासमोर कुणी कात्री खाली ठेवत नाही. खोली तुझीच. पण रविवारी दहा ते बारा ती उघडी राहील. अट मोडलीस तर खोली मनालीची.

५. सोन्याचे मणी सून भावनाला. या घरात माझ्या तोंडाला तोंड देणारी ती एकटीच.

६. गोजरबाई साक्षीदार असल्याने तिला काही ठेवू नका, असे वकीलबाई म्हणाल्या. माझी धारदार कात्री तिला कालच देऊन टाकली.

७. चावी घेण्याआधी महेंद्रने हे सगळे गोजरबाईला उजव्या कानाशी बसून समजावावे. "समजलं का" विचारू नये. तिने धागे कापत ऐकावे आणि आपल्या शब्दांत परत सांगावे. मगच चावी. ती माझ्याआधी गेली तर विठाला सांगावे. पण ती कसली जाते!

आज मी स्वतः तिला वाचून दाखवले. कात्री एकदाही थांबली नाही. म्हणाली, "खोली पोराची, रविवार सगळ्यांचा. अंगठा कुठं लावू?"

लिहून देणार : द्रौपदी शंकरराव उबाळे (सही)
साक्षीदार : १. गोजरबाई (अंगठा)
२. प्रा. पुष्कर देवल (सही; भजी आजही आणली)
ठिकाण : उल्हासनगर
दिनांक : २ फेब्रुवारी २०२५, रविवार, धडा संपल्यावर