यंदाची महागाई: शेकडा शून्य

३ जानेवारी १९४४, सातारा
आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, नानासो, महागाईचं काम आता तुमच्याकडे. बाजारात जायचं, भाव टिपायचे, गेल्या जानेवारीशी ताडून महागाई शेकडा किती वाढली ते काढायचं. त्या आकड्यावर अख्ख्या ऑफिसचा महागाई भत्ता ठरणार. काम सोपं आहे. प्रमोशन नक्की.

६ जानेवारी
सुरुवात भाऊसो वाण्यापासून. आम्ही त्याच्याच दुकानावरच्या माडीवर भाड्यानं राहतो. पाटीवर सरकारी दर, तांदूळ रुपयाला तीन शेर. गेल्या वर्षीही हाच. भाऊसो म्हणाला, साहेब, दर हाय, माल न्हाई. माल हा माझा विषय नाही. दर लिहून घेतला.

संध्याकाळी बायको, लीला, म्हणाली, आवं, त्या दरानं शेरभर आणून दावा की. आई दुखण्यातून नुकती उठलीय, वैद्यांनी तांदळाची पेजच सांगितलीय. लीला तो तांदूळ भाऊसोच्या मागच्या दारातून आणते, रुपयाला सव्वा शेर. हे मला आजच कळलं. कळायला नको होतं.

११ जानेवारी, सांगली
इथं मला कोणी ओळखत नाही, खरे भाव मिळतील, असा प्लॅन. छाप पडावी म्हणून खाकी कोट घातला. छाप पडली. एका अडत्यानं मला बघताच ज्वारीचा भाव निम्म्यावर आणला, पोत्यांवर घोंगडं टाकलं आणि वर स्वतः बसला. दुसऱ्यानं दुकानच लावून घेतलं. मी जातो तिथं महागाई उतरते! सरकारनं मला नुसतं गावोगाव फिरवलं तरी पुरे.

१५ जानेवारी
ऑफिसचा शिपाई जोतीराम माण तालुक्यातला. तिकडं पाऊस नाही, घरची सगळी याच्या पगारावर. म्हणाला, आवं नानासो, आकडा तेवढा खरा लिवा. भत्ता वाढला तर घरला दाणं धाडीन. ठरवलं. मागच्या दाराचे भाव लिहायचे. निर्भयपणे. नावं न देता.

१९ जानेवारी
माझा तक्ता बघून साहेबांनी विचारलं, सव्वा शेरानं कोण विकतो? नाव द्या, पोलीस धाडतो. नाहीतर सरकारी दर लिहा. नाव द्यावं तर राहती जागा जाते, शिवाय गिऱ्हाईक माझीच बायको. ऐकीव माहिती आहे म्हणालो आणि सरकारी दर लिहिला. ही माघार नव्हे. भाऊसोला वाचवलं, तो माझे उपकार विसरणार नाही.

२० जानेवारी
मी साहेबांपुढं मागच्या दाराचा विषय काढला, हे कुणीतरी भाऊसोच्या कानावर घातलं. त्यानं लीलाला मागचं दार उघडलं नाही. किरकोळ गैरसमज. उद्या मिटवतो.

२४ जानेवारी
महागाई शेकडा शून्य. भत्त्यात वाढ नाही. जोतीरामनं सगळ्यांना पाणी दिलं, माझ्या टेबलावरून पुढं गेला. हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं साहेबांना म्हणालो. साहेब खूश होते. इतका स्थिर आकडा दुसरा कोण काढणार? काम कायमचं माझ्याकडे.

घरी तांदूळ संपला. आईला समजावलं, की महागाई वाढलेली नाही. आई म्हणाली, मग त्यो आकडाच शिजवून घाल मला.

२५ जानेवारी
पिशवी घेऊन स्वतः भाऊसोच्या मागच्या दारी गेलो. त्यानं दार उघडलं. हात जोडले, बसायला स्टूल दिलं. म्हणाला, तांदूळ रुपयाला तीन शेर, साहेब. शिल्लक न्हाई. मी म्हणालो, भाऊसो, भाव विचारायला आलो नाही. आईसाठी पाहिजे. सव्वा शेरानं दे, हवं तर शेरानं दे. तो गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, तसला धंदा आमी करत न्हाई! कोपऱ्यात एक बाई भरली पिशवी पदराखाली धरून, मी जायची वाट बघत उभी होती.

वर आलो. लीलानं पिशवी चाचपली आणि खुंटीला अडकवली. चुलीवर आधण उकळत होतं. आईला त्यातलंच पाणी कोमट करून दिलं.