दादा सामना पाहतो का

शनि., १३ सप्टें.
पाचचा फुटबॉल सामना. नेहमीप्रमाणे मी सरोजिनी नगरात, दादा फरीदाबादला, दोन्हीकडे टीव्ही, मध्ये स्पीकरवर फोन. वीस वर्षांचा परिपाठ. आज प्रथमच शंका आली. दादा म्हणाला, "चेंडूचा ताबा चौसष्ट टक्के आहे बघ त्यांचा." कोल्हापुरात तालमींच्या संघांच्या सामन्यांना मला खांद्यावर बसवून नेणारा माणूस टक्केवारी सांगतो? ही भाषा मोबाईलवरच्या धावत्या मजकुराची. पाहणाऱ्याची नव्हे.

मंगळ., १६
मे महिन्यातले संभाषण आठवले. दादा म्हणाला होता, "आता गोल झाला तरी ओरडता येत नाही गं. आधी रेफरी व्हिडिओ बघणार, रेषा आखणार, मग तीन मिनिटांनी सांगणार, करा आनंद." मी त्याला सविस्तर समजावले होते की अचूकता ही आनंदाची शत्रू नव्हे; खेळ बदललेला नाही, प्रेक्षक आळशी झाला आहे. त्यानंतर त्याने एकदाही तक्रार केली नाही. मी ते पटल्याचे लक्षण मानले. आता वाटते की...

शनि., २०
सापळा लावला. पूर्वार्धात सहज म्हणाले, "त्या चौदा नंबरला पिवळं कार्ड उगाच दिलं." चौदा नंबर राखीव बाकावर बसून होता. कार्ड कुणालाच नव्हते.
"उगाचच," दादा म्हणाला. "रेफरीच तसला आहे."
सापडला.
उत्तरार्धात गोल. व्हिडिओची तपासणी सुरू. ती चालू असताना मी कार्यालयीन टिपणातले स्वल्पविराम दुरुस्त करीत होते. गोल वैध ठरला तेव्हा मान वर केली नाही. हे दादाला दिसत नाही, हे बरे.

रवि., २१
सर्वपित्री. दादाकडे जेवण. लाजपतनगरला मेट्रो बदलून पोहोचले. तो दही आणायला खाली गेला तेव्हा वहिनींना सरळ विचारले. खेळाच्या वाहिन्या जूनपासूनच बंद आहेत, म्हणाल्या. शनिवारी पाचला फोन घेऊन तो गच्चीवर जातो. मला का सांगितले नाही, असे विचारताच त्यांनी हातातली पळी खाली ठेवली.
"तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही माणसाच्या बोलण्याला मार्क देता. फुटबॉल सुटला म्हटलं, तर ती फोन तरी कशाला करेल, असं म्हणतात हे."
मी मुकाट पाने मांडायला घेतली. माझ्या बाबतीत हे क्वचित घडते.
दादा आला, वाढू लागला. "आमटी तपासून घे. मीठ वैध आहे का सांग." सगळे हसले. मीही.

गुरु., २५
दादाला काय सांगायचे याचा मसुदा तीनदा केला. पहिल्यात आरोप. दुसऱ्यात औदार्य, म्हणून खोटा. तिसरा फाडला. मुद्दा एवढाच: त्याचे खोटे उघड केले आणि शनिवारच बंद पडला, तर आम्ही दोघे बोलणार कशावर? गुडघेदुखीवर?
त्याचा फुटबॉल सुटला हे मान्य. माझा टिकून आहे, हे कशावरून?

शनि., २७
टीव्ही लावला नाही. पाचला फोन लावला. दादाच म्हणाला, "तुझ्याकडे आज आवाज नाही."
"लावलेला नाही. तूच सांग काय चाललंय."
तो खाकरला. खोटे जुळवतो आहे, असे वाटले. मग म्हणाला, "डावीकडचा, लाल बनियनवाला. अनवाणी आहे. त्याचा टेकलेला पाय कसा पडतोय... आता आत वळणार बघ हा. वळला. अगं, वळला!" आणि ओरडला. पूर्ण, मोकळा, कुणाच्याही परवानगीविना. त्याच्यामागे शिट्टी ऐकू आली, आणि दुरून कुणीतरी, "अबे पास दे ना यार."
म्हणजे गच्चीखालचे मैदान. जूनपासून तो हेच पाहत होता, आणि मला टक्केवारी वाचून दाखवत होता.
चेंडू आधी हाताला लागला होता, असे दादाच म्हणाला. मी हरकत घेतली नाही. तासभर ऐकत राहिले. कुठला सामना, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. मला कळले आहे हे त्याला कळले का, याचा निर्णय होत नाही.
पुढच्या शनिवारी त्या गच्चीवर जावे, असे फार वाटते. त्याने बोलावलेले नाही. आणि मी शेजारी उभी राहिले, तर तो पुन्हा जपून बोलू लागेल की काय?