दुसरा तेलेस्फोर

सेंत-झिता, २० डिसेंबर

तीर्थरूप एक्झिल्दाताईस धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

वरची ओळ वाचून मला झटका आला की काय, अशी शंका तुला येईल. आलाच आहे, पण डॉक्टरकडे नेण्यातला नाही. जन्मभर मी तुला 'चिरंजीव' लिहीत आलो आणि तू मुकाट्याने मला दादा म्हणत आलीस. ते सगळं आता मोडीत निघालं. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे बर्फ खिडकीला टेकलाय आणि ओदेत मजेत आहे (बायको मजेत आहे, कारण धक्का मला बसलाय).

झालं असं. निवृत्तीनंतर मी वंशावळीच्या नादी लागलो, हे तुला ठाऊकच आहे. नव्या वर्षाच्या सकाळी सगळं गाबूरी कुळ जमेल तेव्हा भिंतीवर वंशवृक्ष लावायचा आणि त्याच्याखाली उभं राहून घरातला थोरला म्हणून मी दरवर्षीसारखा गुडघे टेकलेल्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, असा बेत होता. फ्रान्सहून बोटीने इकडे आलेला मूळ पुरुष सापडला. पुढचे सगळे पुरुष जोसेफ आणि सगळ्या बायका मारी (आपल्या लोकांना बाप्तिस्म्याच्या वेळी दुसरं काही सुचतच नाही), तरी मी हाकेच्या नावावरून वाट काढत खाली आलो आणि अडलो तो थेट माझ्यापाशी. चर्चच्या आवारात बाबांच्या थडग्याशेजारचा बर्फ आणि त्याखालचं वाळकं गवत बाजूला केलं, तर एक वीतभर दगड. त्यावर जोसेफ तेलेस्फोर गाबूरी. जन्मतारीख माझी. मृत्यू त्याच वसंतात. ताई, बाबांसाठी आणलेलं फूल हातातच राहिलं. स्वतःच्या थडग्यावर फूल ठेवावं की नाही, हे कोणी शिकवलेलं नसतं.

तसाच देलिमामावशीकडे गेलो. चौऱ्याण्णव वर्षांची बाई, शांतपणे वाटाण्याचं सूप पीत होती.

"अरे, तो पहिला," म्हणाली. "तू दुसरा."

"पण नाव तेच?"

"चांगलं नाव होतं, तुझ्या आजोबांचं. एकदाच वापरून टाकून द्यायचं होय? तेव्हा सगळेच तसं करायचे."

"आणि वाढदिवस?"

इथे तिने चमचा खाली ठेवला. "तो गेला तेव्हा तुझ्या आईनं पाळणा खोलीतून हलवू दिला नाही. मग एक्झिल्दा झाली, तिच्या पाठीवर तू. तुला बघून ती म्हणाली, आला परत. झालं. तारीखही तीच धरली, सालासकट. तिच्याशी वाद कोण घालणार, बाबा?"

म्हणजे दहाव्या वर्षापर्यंत तू माझ्याहून बोटभर उंच होतीस, ते मुली लवकर वाढतात म्हणून नव्हे. आणि माझ्या वाढदिवशी केक कापण्याआधी आई एकटीच चर्चकडे जायची, ते मला आयुष्य मागायला नव्हे. ती दगडापाशी जायची.

असो. वंशवृक्ष पुन्हा काढतोय. तुझ्या डोक्यावर एक पान वाढलंय.

तुझा (आता खरोखरच धाकटा)
तेलेस्फोर

ता. क. घरातलं थोरलं मूल तूच, तेव्हा आशीर्वादही तूच द्यायचा. बाकीच्यांना सांगायचं नसेल तरी हरकत नाही, मी पूर्वीप्रमाणे देत राहीन. मला सवय आहे, आवाजही माझा मोठा आहे.

ता. क. २. वरचं खोडायचं होतं, पण ओदेत म्हणाली राहू दे, ताईला कळू दे तू कसा आहेस ते.

ता. क. ३. मी दिलेले आशीर्वाद चालले का, असं पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, चालतात, परत घेऊ नका. पण ताई, थोरल्याच्या डोक्यावर कोणी हात ठेवत नाही. बाबा गेल्यापासून माझ्या ठेवलेला नाही. तेव्हा नव्या वर्षाच्या सकाळी मी गुडघे टेकले की हात जरा जास्त वेळ ठेव. एक मिनिट माझं, एक त्याचं.